धावती, रांगती आणि कोरडी

अमृतराव ठेकेदाराचं नाव आमच्या घरात कोणी घ्यायचं नाही, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. मी ते रोज घेत असे. सकाळी माय मला लाखोरीची डाळ भरडायला बसवायची तेव्हा जात्याच्या घरघरीत मी ते नाव दळायची. घास टाकायचा, खुंटा ओढायचा, अमृतराव. पुन्हा घास, पुन्हा अमृतराव. मायला ऐकू जात नसे, पण कळत असे. कारण माझी डाळ हमखास बारीक होऊन जायची. "डाळ भरडाले सांगतली होती, पीठ कराले नाई," असं म्हणून ती मला उठवायची आणि स्वतः जात्याशी बसायची. मी तेव्हा सतरा-अठराची होते. माझं लग्न जमत नव्हतं. एकदा मला पाहायला आलेले लोक आमच्या घराचं नाव ऐकून गावाच्या वेशीवरूनच परत गेले होते. त्याचाही दोष मी अमृतरावालाच दिला होता, आणि तो त्याचाच होता.

आमचं गाव मूलच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे. तेव्हा सगळा चांदा जिल्हाच. गडचिरोली वेगळी झाली ती फार पुढे. बाबा लढाईच्या काळात विमानतळावरच्या हवामानाच्या ऑफिसात होते, आणि लढाई संपल्यावर सरकारी निरीक्षक म्हणून आमच्या गावी आले. शाळेमागच्या कुंपणात पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी होती, तिच्यात थर्मामीटर. बाजूला पाऊस मोजायचं नळकांडं, खांबावर वारा दाखवणारा पत्र्याचा बाण. पाऱ्याचा बॅरोमीटर मात्र आमच्या ओसरीवर भिंतीला होता. सकाळी उठलं की पहिला आवाज बाबांच्या खाकरण्याचा, दुसरा त्यांनी बॅरोमीटरच्या काचेवर नखाने केलेल्या टकटकीचा, आणि तिसरा मायच्या फुंकणीचा. लोक त्यांना हवाबाबू म्हणत. बाबा काही गरीब स्वभावाचे नव्हते. कोणी "आज ढग आहेत, पाणी येईल" म्हटलं की ते तिथल्या तिथे त्याला थांबवून कोणत्या ढगातून पाणी येतं आणि कोणत्या ढगातून नुसती सावली येते ते समजावून सांगत, आणि तो माणूस वाट बदलून घरी जाई. आपल्याला जे येतं ते गावात दुसऱ्या कोणाला येत नाही, याचा त्यांना ताठा होता. मला त्यांचा तो ताठा फार आवडायचा.

धान घरात आलं की झाडीतल्या गावांतून शंकरपट भरतात. बैलजोड्यांच्या शर्यती, मंडप, दुकानं, रेवड्या, बांगड्या, आणि घरोघरी आलेले पाहुणे. आमच्या गावचा पट अमृतराव भरवत असे. तो जंगलाचा ठेकेदार, बांबू आणि खांबांच्या बल्ल्या त्याच्या, त्यामुळे मंडपही त्याचा आणि मान त्याचाच. ज्या माघात आमचं सगळं बिघडलं त्या माघातल्या पटाच्या सकाळी बाबांनी बॅरोमीटर पाहिला, बाहेर जाऊन वारा पाहिला, आणि न जेवता तडक पटावर गेले. मंडपामागे अमृतरावाला गाठून त्यांनी सांगितलं की दुपारनंतर वायव्येकडून वादळ येईल, गारा पडतील, पट बंद करा, लोकांना घरी पाठवा. अमृतराव म्हणाला, "बरं झालं सांगतलं, बाबू. तुम्ही जा. मी भोंग्यावरून सांगतो." बाबांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि आपली मापं घ्यायला कुंपणात परत गेले. अमृतरावाने भोंग्यावरून काहीच सांगितलं नाही. चांद्याहून मोठे पाहुणे यायचे होते.

गारा आल्या त्या दुपारी. आधी वारा आला, आणि त्या वाऱ्याने मंडप उचलून आपटला. मी घरात होते. आमच्या कौलांवरून दगडांच्या गाड्या पालथ्या होत आहेत असं वाटत होतं, आणि त्यातूनही पटाच्या बाजूचा लोकांचा आवाज ऐकू येत होता. पुष्कळ लोक जखमी झाले. चिंधाबाईचा सुखदेव मंडपाच्या बल्लीखाली सापडून मेला. चिंधाबाई मडावी म्हणजे नदीकडच्या टोल्यावरची, गावाबाहेरच्या छोट्या वस्तीवरची गोंडाची बाई, विधवा, आणि सुखदेव तिचा एकुलता एक. जोडीमागे धावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

चौकशीला चांद्याहून साहेब आले. अमृतरावाने त्यांच्यापुढे हात जोडून सांगितलं की हवाबाबू स्वतः सकाळी येऊन आभाळ साफ राहील असं सांगून गेले, सरकारी माणसाच्या शब्दावर मी पट चालू ठेवला. मंडपामागचं बोलणं तिसऱ्या कोणी ऐकलेलं नव्हतं. बाबा येऊन बोलून गेले एवढं मात्र पुष्कळांनी पाहिलं होतं, आणि ते अमृतरावाच्याच उपयोगी पडलं. बाबा साहेबांशी बोलताना चिडले, आवाज चढला, आणि चिडलेल्या माणसाचं खरंही खोटं दिसतं. त्यांची नोकरी गेली. पांढरी पेटी, बाण, नळकांडं सगळं बैलगाडीत घालून दुसऱ्या गावी नेलं. बॅरोमीटर काढताना सामान न्यायला आलेल्या शिपायाने भिंतीचा पोपडा पाडला, आणि माय शेण-मातीने तो लिंपू लागली तेव्हा बाबांनी तिला लिंपू दिलं नाही.

सुखदेवाचे दिवस झाल्यावर चिंधाबाई आमच्या दाराशी आली. तिने मूठभर माती आमच्या अंगणात फेकली आणि म्हणाली, "तुह्या जिभेनं माहा लेकरू खाल्ला, बाबू." बाबा ओसरीवर उभे होते. त्यांनी हात जोडले आणि तसेच उभे राहिले. ती गेल्यावर मी त्यांच्यावर संतापले. म्हटलं, तुम्ही तिले सांगतलं काऊन नाई की तुम्ही बंद कराले सांगतलं होतं? बाबा म्हणाले, "तिले आत्ता खरं-खोटं नको आहे. तिले पोरगा पाह्यजे आहे." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. तिला पोरगा हवा होता आणि खरंही हवं होतं, आणि खरं मिळालं नाही म्हणून ती वर्षभर भलत्याच दाराशी रडत राहिली.

ते वर्ष आमच्या घरात मुक्याने गेलं. थोडं धान होतं, परसात वांगी आणि वालाच्या शेंगा, त्यावर घर चालायचं. माय लाखोरीच्या पाल्याची भाजी करायची, आंबील करायची, आणि ताट वाढताना भांडं आपटू नये म्हणून जपायची. बाबा आतल्या खोलीत बसून राहायचे. आभाळाकडे पाहणं त्यांनी सोडून दिलं होतं. आंघोळीला परसात जातानाही मान खाली घालून जायचे. जो माणूस ढगाच्या कडेवरून वेळ सांगायचा त्याला मी पन्हळीचं पाणी अंगावर पडल्यावर पाऊस आल्याचं कळताना पाहिलं आहे. माझ्या मनात त्या वर्षी दया, माया, देवाची भीती असलं काहीच नव्हतं. अमृतराव घोड्यावरून आमच्या घरावरून जायचा तेव्हा मी दारात येऊन उभी राहायची, नुसती, त्याला दिसेल अशी. तो दुसरीकडे पाहायचा. मला वाटायचं, आता एकदा पुन्हा तसंच आभाळ यावं, त्याच्याच पटावर यावं, आणि या वेळी मंडपाखाली तो असावा.

त्यासाठी आभाळ ओळखता यायला हवं होतं. मी लहानपणापासून बाबांच्या मागे मागे फिरून थोडंफार शिकले होते. पौषात एका दुपारी वायव्येकडे पिवळट दिसायला लागलं, वारा फिरला, आणि मी धावत आत जाऊन म्हटलं, "बाबा, गारा येऊन राह्यल्या." माय धान झाकायला धावली. शेजाऱ्यांनाही मी सांगून आले. गारा तर नाहीच, थेंबही आला नाही. नुसती धूळ उडाली आणि पहाटे अशी थंडी पडली की परसातली वांगी काळी झाली. शेजारीण म्हणाली, "बापासारखीच लेक." मी तोंड लपवून बसले होते. वर्षभरात पहिल्यांदा बाबा आपणहून माझ्याशी बोलायला आले.

"तुले गारा पाह्यजे आहेत," ते म्हणाले. "तुले पाह्यजेत म्हणून गारा येत नाईत. आभाळाले तुझा राग ठाऊक नाई."

मग त्यांनी मला परसात नेलं. तिथे भाताच्या कोंड्याचा ढीग होता. त्यांनी एक फळी घेतली. म्हणाले, हा कोंडा म्हणजे आपल्यावर बसलेली गरम हवा, आणि ही फळी म्हणजे उत्तरेकडून आलेली थंड हवा. थंड हवा जड, म्हणून ती जमिनीला धरून गरम हवेखाली शिरते. ऑफिसात याला कोल्ड फ्रंट म्हणत. पण सगळे कोल्ड फ्रंट एकसारखे नसतात. त्यांनी फळी उभी धरून एकदम ढकलली, तेव्हा कोंडा उसळून वर फेकला गेला. "ही धावती. गरम हवा सरळ वर उडते, ढगांची भिंत उभी राह्यते. वारा, गारा, अन् घडीभरात मोकळं." मग त्यांनी फळी आडवी करून हळूहळू सरकवली. कोंडा फळीवर सावकाश चढून पसरत गेला. "ही रांगती. पांघरुणासारखा ढग येते, दोन-दोन दिवस झिमझिम राह्यते, मग धुकं. हिच्यात गारा नसतात." तिसरी त्यांनी फळी ढकलून दाखवली नाही. "तिसरी कोरडी. समोरची हवाच वाळलेली असंन तर ती वर चढून तरी काय करंन? वारा फिरते, धूळ उडते, थंडी पडते. तू परवा पाह्यली ती कोरडी होती. आधी दखनेकडून ओला वारा आला होता काय? नव्हता. तू ते पाह्यलं नाई, कारण तुले पाह्यचं नव्हतं."

त्या दिवसापासून आमच्या घरात तीन नावं राहायला आली. सूत ओढावं तसं मी बाबांकडून एकेक गोष्ट ओढून घेत गेले. साधनं नव्हतीच, पण स्वयंपाकघर होतं. ओला वारा आला की मिठाच्या मडक्याला पाणी सुटतं, भाजलेला पापड मऊ पडतो, आणि थंडीत गोठलेलं तूप सैल होतं. रांगती येते तेव्हा आदल्या दिवसापासून पश्चिमेकडून पांढरा पडदा चढत येतो आणि सूर्याला खळं पडतं. धावतीला पडदा नसतो. सकाळ चांगली उघडी, उकाड्याची असते, आणि मग एकाएकी भिंत दिसते. भिंत दिसायच्या आधी वारा पडतो. आता मी चांद्याच्या ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या वसाहतीत, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहते. नातू मोबाइलवर रंगीत नकाशा दाखवून "आजी, उद्या पाऊस" म्हणतो, आणि तो बहुतेक बरोबर असतो. तरी मी मिठात बोट घालून पाहते. सून हसते. हसू दे.

माघ आला तशी पुन्हा पटाची दवंडी फिरली. अमृतरावाने या खेपेला आदल्या वर्षीपेक्षा मोठा मंडप घातला. पटाआधी शांतीची पूजा ठेवली, आणि सुखदेवाच्या नावाने चिंधाबाईला सगळ्यांसमोर लुगडं-चोळी द्यायचं ठरवलं. हे ऐकलं त्या दिवशी मी जात्याला हातच लावला नाही. ज्याच्या खोट्याने पोरगा मेला तो त्या पोराच्या आईला लुगडं नेसवून लोकांकडून वाहवा घेणार होता, आणि ती बाई ते घेणार होती, कारण तिला ठाऊकच नव्हतं.

पटाच्या सकाळी मी मिठाचं मडकं उघडलं. मीठ ओलं होतं. तूप वितळलेलं. आदल्या दिवसापासून दखनेचा वारा होता आणि माघात घाम येत होता. मी अंगणात जाऊन पाहिलं. आभाळ निळं, पडदा नाही. मला इतका आनंद झाला की त्याचीच भीती वाटली. पौषातलं आठवलं. मी दारात येऊन आतल्या खोलीकडे तोंड करून म्हटलं, "बाबा, बाहेर येऊन पाहा नं."

"तूच पाह्य," आतून आवाज आला. "अन् सांग. जे दिसते ते सांग, जे पाह्यजे ते नाई."

मग आमचं बोलणं तसंच चाललं, ते आत, मी अंगणात. वारा कुठला? दखनेचा. कधीपासून? कालपासून. सूर्याला खळं? नाही. ऊन कसं? टोचतं. झाडाचं पान? हलतं. मग त्यांनी मला थांबायला सांगितलं, आणि मी थांबले. माय भात टाकत होती, तिने तोही थांबवला. सकाळ पुष्कळ वर आली. पटाकडून हलगी आणि भोंगा ऐकू येत होता. आणि वायव्येकडे, झाडांच्या शेंड्यांच्या अगदी लागून, मला फुलकोबीसारखी पांढरी डोकी दिसली, एकामागे एक, रांगेत, आणि त्यांच्या खाली निळंकाळं. "बाबा, डोके दिसून राह्यले. रांग आहे."

"कडा कशा आहेत? पुसट का करकरीत?"

"करकरीत. कापल्यासारख्या."

 मग बाबांनी विचारलं, "मग कोणती?"

"धावती," मी म्हटलं.

"आता तुले पाह्यजे म्हणून सांगून राह्यली?"

"मले पाह्यजेच आहे," मी म्हटलं. "पण धावतीच आहे."

मी पदर खोचला आणि पटावर निघाले. माय मागून काही म्हणाली ते मी ऐकलं नाही.

मंडपात माणूस मावत नव्हता. स्टेजवर चांद्याचे पाहुणे खुर्च्यांवर बसले होते, अमृतराव जरीच्या फेट्यात उभा होता, आणि चिंधाबाई त्याच्या शेजारी हिरवं लुगडं खांद्यावर घेऊन अवघडून उभी होती. भोंग्यावरून तिच्या मुलाचं नाव घेतलं जात होतं. मी बायकांच्या बाजूने वाट काढत सरळ स्टेजवर चढले. कोणी अडवायच्या आत माइकपाशी गेले आणि म्हटलं, "वायव्येकडून गारा येऊन राह्यल्या. बैलं गोठ्यात न्या. लेकराबाळाईले शाळेत न्या. आत्ता."

अमृतरावाने मला ओळखलं. तो माझ्याजवळ वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "काय सांगाचं ते मले सांग, बाई. मी सांगतो लोकाईले."

"तुमच्या कानात नाई सांगत," मी म्हटलं, आणि माइक जवळ असल्यामुळे ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. "मागच्या साली बाबांनी कानातच सांगतलं होतं."

तो सरळ उभा राहिला आणि हसला. त्याला हसायला येत होतं हे मी कधी विसरणार नाही. "पाह्यलं का भाऊ," तो लोकांना म्हणाला, "मागच्या साली हिच्या बापानं आभाळ साफ आहे म्हणून सांगतलं, तं गारा पडल्या. या साली पोट्टी गारा सांगून राह्यली. म्हणजे आज ऊन पडते." लोक हसले. पाहुणेही हसले. दोघेजण मला उतरवायला पुढे आले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, चिंधाबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती मंडपाच्या झालरीकडे पाहत होती. झालर हलायची थांबली होती.

"वारा पडला," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण माइकने ते सगळ्यांना दिलं. "त्या दिवशी बी असाच पडला होता. सुखदेव म्हणत होता, माय, गरम होऊन राह्यलं."

तिने खांद्यावरचं लुगडं काढलं, घडी न मोडता पाहुण्यांसमोरच्या टेबलावर ठेवलं, आणि स्टेजवरून उतरून शाळेच्या बाजूला चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही. तिच्या टोल्यावरच्या बाया उठल्या. मग दुसऱ्या बाया उठल्या, लेकरं उचलली. बाया उठल्यावर पुरुष कसे बसतील? जोडीवाल्यांनी आधीच कासरे सोडायला घेतले होते. बैल अस्वस्थ झाले होते आणि बैलाचं ते ठेकेदारापेक्षा जास्त ऐकतात. पाहुण्यांची जीप निघाली. अमृतराव भोंग्यावरून ओरडत राहिला की काही होत नाही, पट होईल, बक्षिसं दुप्पट. त्याची स्वतःची जोडी त्याने सोडू दिली नाही. माणसं त्याच्या समोरून पाण्यासारखी ओसरत होती आणि तो एकटा त्या एवढ्या मोठ्या मंडपात उभा होता. मला तिथून हलवत नव्हतं. मी वळून वळून पाहत शेवटी शाळेत गेले.

शाळा दगडी होती, वर पत्रे. माणूस माणसाला चिकटून उभा राहिला. भिंत तोवर डोक्यावर आली होती आणि दुपारचा उजेड जांभळा झाला होता. पहिल्या वावटळीबरोबर मंडप जमिनीपासून सुटला. मग गारा. पत्र्यांवर असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, लेकरं तोंड उघडून रडत होती आणि रडणं ऐकू येत नव्हतं. दाराला आतून लाकडी आडणा होता. तो मी घातला आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

थोड्या वेळाने माझ्या पाठीवर दार हाललं. कोणीतरी थापा मारत होतं. मला विचारायची गरज नव्हती, तरी मी फटीला तोंड लावून विचारलं, "कोण?"

"मी अमृतराव. उघडा."

"मागच्या साली बाबांनी तुम्हाले काय सांगतलं होतं?"

"उघड, बाई. मरून जाईन मी."

"काय सांगतलं होतं?"

एक मास्तर पुढे आले आणि आडण्याला हात घालू लागले. तेव्हा चिंधाबाई गर्दीतून आली आणि त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली. तिला काही ठाऊक नव्हतं. पण माझा प्रश्न तिने ऐकला होता, आणि त्याचं उत्तर आपलं आहे हे तिला कळलं होतं. मास्तर मागे सरले.

"पट बंद करा म्हणून सांगतलं होतं," तो बाहेरून म्हणाला.

"ऐकू नाई येत," मी म्हटलं. मला ऐकू आलं होतं. पण मागच्यांना गेलं नसतं.

तो ओरडला. त्या पत्र्यांच्या आवाजावर आवाज चढवून, घसा फुटेस्तोवर ओरडला, "पट बंद करा म्हणून सांगतलं होतं हवाबाबूनं." दाराजवळच्यांनी ते मागच्यांना सांगितलं, आणि ते शेवटच्या भिंतीपर्यंत गेलेलं मी पाहिलं.

"अन् तुम्ही काय म्हणाले?"

"भोंग्यावरून सांगतो म्हणालो."

"सांगतलं?"

"नाई."

"साहेबापाशी काय सांगतलं?"

"खोटं सांगतलं. खोटं सांगतलं, बाई, उघड."

मी अजून विचारणार होते. माझ्याकडे वर्षभराचे प्रश्न साठलेले होते. पण चिंधाबाईने मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि आडणा काढला. तो आत पडला. फेटा गेला होता, कपाळ फुटून डोळ्यात रक्त आलं होतं, एक हात खांद्यापासून लोंबत होता. चिंधाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. सगळी शाळा तिच्याकडे पाहत होती. मला वाटलं ती त्याला पुन्हा बाहेर ढकलेल, आणि मी तिला मदत केली असती.

"बस," ती म्हणाली. "मरू नको. तुले जगाले पाह्यजे आता."

आणि भिंतीपाशी त्याला जागा करून देऊन ती पाठमोरी झाली.

लोक मला विचारतात, विशेषतः तरुण मुली विचारतात, की या वयात त्या गोष्टीचं काय वाटतं. त्यांना वाटतं मी म्हणेन की राग वाईट, क्षमा मोठी. मी तसं म्हणत नाही. त्या दिवशी गावातलं किंवा टोल्यावरचं एकही लेकरू मेलं नाही. अमृतरावाचा एक बैल मेला, त्याचं मला वाईट वाटतं, कारण बैलाने काही केलं नव्हतं. अमृतरावाचा हात पुढे कधी सरळ झाला नाही. त्याने आमच्या गावी पट भरवला नाही. काही वर्षांनी तो चांद्याला राहायला गेला. तिथेही आमच्याकडचा कोणी भेटला की आधी त्या हाताकडे पाहायचा आणि मग रामराम करायचा, असं ऐकलं. बाबांची नोकरी परत आली नाही. चांद्याच्या साहेबांना गावाने सांगून पाहिलं, पण झालेली चौकशी कोणी उघडत नाही. चिंधाबाई मात्र आमच्या ओसरीवर येऊन बसू लागली. ती आणि बाबा फारसं बोलत नसत. कधी ती आभाळाकडे बोट दाखवून विचारायची, "ही कोणती, बाबू?" आणि बाबा मान वर करून पाहायचे. ते पुन्हा वर पाहायला लागले ते तिच्यामुळे, माझ्यामुळे नाही.

मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं. वादळ निघून गेलं होतं, वायव्येचा वारा सुटला होता आणि आभाळ घासलेल्या ताटासारखं स्वच्छ झालं होतं. अंगणात गारांचे ढीग पडले होते आणि त्यांची वाफ निघत होती. मी घरी आले तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. शाळेतलं सगळं त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोचलं होतं.

"दार किती वेळ लावून धरलं तू?" त्यांनी विचारलं.

"त्यानं सांगेपर्यंत."

"तो सांगतल्याशिवाय मेला असता तं?"

"तं मेला असता."

माय चुलीपाशी होती, तिचा हात थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कौतुकाने तर नाहीच. घरात नवा माणूस राहायला आल्यासारखं पाहिलं.

"मी असतो तं पह्यल्याच थापेले उघडलं असतं," ते म्हणाले.

"ठाऊक आहे मले," मी म्हटलं. "म्हणूनच तुम्हाले संगं चला म्हटलं नाई."

 बाहेर थंडी वाढत होती. मग त्यांनी मायला विचारलं, पोरीनं सकाळपासून काही खाल्लं काय. मायने माझं ताट वाढलं, भात आणि लाखोरीचं वरण, आणि बाबा माझ्या समोर येऊन बसले. मी पोटभर जेवले.